बाबांसाठी वास घेण्याचे दिवस

बाबांच्या नाकाबद्दल पहिली शंका आईला आली, आणि ती आली बाबा जेवणाला चांगलं म्हणायला लागले म्हणून. त्याआधी जेवणाला नावं ठेवणं हे आमच्या घरात बाबांचं काम होतं आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही. आमटीचा पहिला भुरका घेऊन ते विचारायचे, "आज मसाला डब्यातच राहिला का?" कोबीची भाजी समोर आली की म्हणायचे, "हरकत नाही, भूक आहे." आई तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, पण तिचा स्वयंपाक त्या बोलण्यावरच तासून निघाला होता आणि हे तिलाही माहीत होतं. मग बाबांना सर्दीतापाचं एक मोठं दुखणं झालं. त्यातून ते उठले, कामाला लागले आणि पानात पडेल ते "छान झालंय" म्हणून खायला लागले. आई पहिले काही दिवस खुशीत होती. मग तिला भीती वाटायला लागली. एका दुपारी तिने मुद्दाम आमटीत गोडा मसाला घातला नाही, हिंग घातला नाही, फोडणीत नुसती मोहरी आणि हळद. बाबांनी आमटी पुन्हा मागून घेतली आणि म्हणाले, "छान झालीय." आई उठून आतल्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि मला म्हणाली, "नीलू, यांना वास येत नाहीये."

मी तेव्हा कॉमर्सला होते आणि आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं. ते फार दिवस नेता आलं नाही. एका सकाळी आम्ही दोघी भाजी घेऊन परतलो, तर जिन्यातच गॅसचा वास. आईने पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावत वर गेली. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं, आणि तिथेच ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून बाबा शांतपणे पेपर वाचत होते. चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाले, "एवढ्यात आलात? भाजीवाल्यांचा संप आहे का?" आईने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग फरशीवर बसून रडली. मी तिला तोपर्यंत तसं रडताना पाहिलं नव्हतं. बाबांनी पेपराची घडी केली. "येत नाही," ते म्हणाले, "तापापासून येत नाही. येईल परत." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वास परत येईलही आणि कदाचित येणारही नाही. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "एवढं तर मीही सांगितलं असतं, तेही फी न घेता."

मध्यंतरी ती साथ आली तेव्हा घराघरांत लोक कॉफीच्या बाटलीत नाक खुपसून बसले होते आणि वास जातो म्हणजे काय होतं ते सगळ्या जगाला कळलं. माझा मुलगा हिंजवडीच्या ऑफिसचं काम घरून करत होता, त्याचाही वास आठवडाभर गेला आणि तो घाबराघुबरा झाला. मला त्याचं हसू आलं नाही, उलट मी उठून आधी गॅसचं बटण बघून आले, आणि ते का हे त्याला नीट सांगता येईना. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतेय. आम्हाला हे झालं तेव्हा त्या आजाराला कुणी आजारही म्हणत नव्हतं. कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बरंच आहे की, पुण्यातल्या नाल्यांचा त्रास वाचला.

पण बाबांचा धंदा वास आल्याशिवाय चालण्यातला नव्हता. ते आधी खडकीच्या एका कारखान्यात नोकरीला होते, तिथल्या कूलिंगच्या यंत्रांची देखभाल करत. ती सोडून त्यांनी कोथरूडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं: हॉटेलं, मंगल कार्यालयं, सरबताची दुकानं यांची बर्फाची मशीनं आणि थंड कपाटं दुरुस्त करायची. आमच्या गॅलरीत कुंड्यांच्या जागी जुने कॉम्प्रेसर असायचे आणि बाबा ते एकेक चालू करून बघायचे, त्यामुळे माझा सगळा अभ्यास त्या घरघरीत झाला. बर्फाच्या मशीनचा आवाज मात्र मला मनापासून आवडायचा. आधी उभ्या पत्र्यावरून पाणी ओघळत राहतं, बारीक, न थांबता. पत्र्यामागच्या नळ्यांतून गार गॅस फिरत असतो, पाण्याचा बर्फ धरत जातो. मग एक झडप टक्कन उघडते, नळ्यांत क्षणभर गरम गॅस जातो, आणि खड्यांची अख्खी लादी सुटून खाली पेटीत पडते. बाबा म्हणायचे, "बघ, कूस बदलली." गिऱ्हाइकाकडे काम झालं की ते लगेच निघत नसत. एक लादी पडेपर्यंत स्टुलावर बसून राहत आणि ती पडल्यावरच हत्यारं पिशवीत भरत.

या कामात वासाने काय कळतं ते सांगितलं पाहिजे. मशीन उघडलं की गॅसबरोबर तेलाचा फवारा बाहेर येतो. तेल चांगलं असेल तर त्याला वास जवळजवळ नसतोच. पण कॉम्प्रेसरची मोटर आतून जळली असेल, तर आंबूस, घशाला टोचणारा वास येतो. मग नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. सगळ्या नळ्या धुवाव्या लागतात, ड्रायर म्हणून ओल शोषणारी तांब्याची एक छोटी कुपी असते ती नवी घालावी लागते, नाहीतर जुन्या तेलातलं आम्ल नव्या कॉम्प्रेसरलाही खाऊन टाकतं. बाबा हे एका श्वासात ओळखायचे. दुखण्यानंतर त्यांनी देवधरांच्या मंगल कार्यालयातल्या मशीनला नवा कॉम्प्रेसर बसवला आणि नळ्या धुतल्या नाहीत, कारण जळका वास त्यांना आलाच नव्हता. तो कॉम्प्रेसर ऐन लग्नसराईत बंद पडला. देवधर हे कार्यालयाचे मालक, बाबांच्याच वयाचे, कडक इस्त्रीचे आणि तेवढ्याच कडक जिभेचे. ते म्हणाले, "दामले, नवा म्हणून बसवलात की वापरून बघायला आणला होतात?" बाबांनी मुकाट्याने दुसरा बसवून दिला. कारण सांगितलं नाही.

ते सांगणार तरी कसं? गॅसचं काम करणाऱ्या माणसाला वास येत नाही, ही गोष्ट एकदा बाहेर फुटली असती तर बाबांना कुणी मशीनजवळ उभं केलं नसतं. खडकीची नोकरी आता परत मिळणार नव्हती. बाबांना काळजी होती ती कामाची. आईची काळजी वेगळी होती. तिला वाटायचं, एखाद्या दिवशी हा माणूस कुठल्यातरी बंद खोलीत काडी ओढेल आणि घरी येणार नाही. ती हे बोलून दाखवायची नाही. बाबांची स्कूटर खाली थांबल्याचा आवाज येईपर्यंत ती कणीक मळत राहायची, आणि आमच्या पोळ्या त्या दिवसांत फार मऊ व्हायच्या. शेवटी तिनेच तोडगा काढला. "कॉलेज सकाळचं आहे," ती मला म्हणाली, "त्यानंतर तू बाबांबरोबर जायचंस. लोकांना सांगायचं, मुलगी काम शिकतेय."

बाबांनी आधी नकार दिला, मग कुरकुर केली, मग स्कूटरच्या मागच्या सीटवरची हत्यारांची पिशवी काढून पुढे घेतली. आमची एक पद्धत ठरली. मशीन उघडलं की बाबा तेलाचा फडका "धर गं" म्हणून माझ्या हातात द्यायचे. मी तो बाजूला ठेवता ठेवता हुंगायचा. काही जळकं, काही वेगळं वाटलं तर विचारायचं, "बाबा, पाणी हवंय का?" काही नसेल तर गप्प राहायचं. गिऱ्हाईक मान डोलवायचं, मुलगी किती काळजी घेते म्हणून. एका हॉटेलात तर मी विचारल्याबरोबर मालक स्वतः तांब्या-भांडं घेऊन आले, आणि बाबांना ते पाणी संपवून वर आभार मानावे लागले. घरी येऊन त्यांनी आईला ती हकीकत रंगवून सांगितली. आम्ही तिघंही खूप हसलो, आणि मला वाटलं की हे जमतंय.

मला मात्र त्या दिवसांत झोपेतही वास यायचे. वर्गात बसलेली असताना कुणाचा डबा उघडला की मी दचकायची. परीक्षेत नापास झाले असते तर एक वर्ष गेलं असतं, इथे चुकले तर बाबा जाणार होते. इतक्या लहान वयात माणसाने दुसऱ्याचं नाक होऊ नये असं मला आता वाटतं, पण तेव्हा दुसरा इलाज दिसत नव्हता. मी अत्तर लावायचं सोडलं, उदबत्तीपासून लांब बसायला लागले आणि कुणी शिंकलं की चार पावलं मागे सरकायची. मैत्रिणींना वाटायचं, हिला शिष्टपणा आलाय.

आणि तरी सर्दी झालीच. त्या सकाळी मी उठले तेव्हा डोकं जड होतं आणि नाक चोंदलेलं. मला पहिली आठवण झाली ती बाबांची. त्यात देवधरांचा फोन येऊन गेलेला: मशीनला बर्फ धरत नाही, खडे पातळ पडतायत, दुसऱ्या दिवशी लग्न, आणि पाहुण्यांना पन्हं गारच लागतं. आईने मला वाफ दिली, रुमालावर निलगिरी टाकली. "येतोय का वास?" तिने विचारलं. निलगिरी नाकात झणझणली. "येतोय," मी म्हणाले, आणि मला खरंच तसं वाटलं. नुसती झणझण म्हणजे वास नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं. बाबा बूट घालत म्हणाले, "मशीन माझंच आहे. बाराचा गॅस मीच भरलाय. त्याला वास तो कसला असणार?" बाराचा म्हणजे तेव्हाचा नेहमीचा गॅस. तो पेट घेत नाही. अलीकडे मात्र तो महागला होता आणि सहज मिळेनासा झाला होता.

देवधरांचं मशीन स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत होतं. माश्या येतात म्हणून दार लावलेलं, वर एक लहान खिडकी, डोक्यावर पंखा. रस्त्यावरच्या धुळीने माझं नाक पुन्हा गच्च झालं होतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाबांनी मशीनचा मागचा पत्रा काढला, आत हात घातला आणि थांबले. त्यांनी तांब्याच्या नळीला नळी जोडली की जोड बारीक कड्यासारखा गुळगुळीत दिसायचा. इथे एका जागी मेणबत्तीसारखे ओघळ होते. "देवधर, हा जोड माझा नाही," ते म्हणाले.

"तुमचाच असणार हो," देवधर म्हणाले. "दुसरं कोण हात लावतंय? तुम्ही बसा, पंखा वाढवू का?" देवधर एरवी इतकं गोड बोलत नसत. बाबांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग काहीच बोलले नाहीत. त्यांनी गॅसचा दाब बघायला गेज लावला, काटा जरा वर दिसला, म्हणाले, "ऊन आहे." ड्रायर तुंबला असणार, तो बदलू, असं त्यांनी सांगितलं. ड्रायर बदलायचा म्हणजे आधी गॅस सोडायचा, नळी कापायची आणि मग बत्तीच्या ज्योतीवर नवा जोड मारायचा. त्या काळी गॅस सरळ हवेत सोडून देत असत, त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. बाबांनी झडप सैल केली. सुस्स असा आवाज लांबत लांबत बारीक झाला. त्यांनी नळी कापली, फडक्याने तिचं तोंड पुसलं आणि तो माझ्यापुढे धरला. "धर गं."

मी फडका नाकाशी नेला. काहीच नाही. पुन्हा नेला, तोंड पुसल्यासारखं करून जोरात श्वास ओढला. भिंतीला नाक लावावं तसं वाटलं. तेलाचाही नाही, निलगिरीचाही नाही, त्या कोठीत चटणीमसाल्याचे डबे होते त्यांचाही नाही. तेव्हा मला दरदरून घाम फुटला. मी गप्प राहिले तर बाबा समजणार होते की सगळं ठीक आहे. पाणी हवंय का म्हणून विचारलं, तर ते समजणार होते की तेल जळलंय, आणि नळ्या धुऊन पुढे बत्ती लावणारच होते. मला काही कळत नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी आम्ही काही ठरवलंच नव्हतं. बाबांनी बत्ती डाव्या हातात घेतली. ठिणगी पाडायचा लायटर पिशवीतून काढला.

"बाबा," मी म्हणाले.

"पाणी?"

"नाही. मला काही कळत नाहीये. नाक बंद आहे. काहीच येत नाहीये."

"बरं," ते म्हणाले, मी त्यांना किती वाजले ते सांगितल्यासारखं, आणि लायटर वर उचलला. मी त्यांचं मनगट धरलं. आमच्या घरात बाबांचा हात असा कुणी धरत नसे. देवधर दाराशी उभे होते, ते बघत होते. "नीलू," बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "माणसं बघतायत."

"बघू देत."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्या ओघळलेल्या जोडाकडे. मग देवधरांकडे. मी मनगट सोडलं नाही, आणि मला त्यांची नाडी लागत होती. त्यांनी लायटर माझ्या दुसऱ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठले, सदरा खाली ओढला आणि सरळ उभे राहिले. "देवधर," ते म्हणाले, "मला वास येत नाही. बरेच दिवस झाले. तुमचा पहिला कॉम्प्रेसर त्यामुळेच गेला. माझ्याऐवजी ही वास घेते, आणि आज हिला सर्दी आहे. तुम्ही जरा इथे वाका आणि काय वास येतोय ते सांगा."

देवधर वाकले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे," ते म्हणाले, "तुम्हाला आत्ता हा वास येत नाहीये?"

"कोणता?"

"अहो, खोली भरलीय. शेगडीचा गॅस आहे तो."

बाबा पहिल्यांदा बोलले ते माझ्याशी. "दार उघड. बाहेर हो. कुणी कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. पंखा चालू आहे तसाच चालू राहू दे." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडले, "शेगड्या विझवा." तिथला आचारी नामदेव, नागपूरकडचा, हातात झारा घेऊनच अंगणात आला. "मालक, मघापासून वास येऊन राह्यला जी," तो म्हणाला. "मले वाटलं माहीच टाकी गळते. साबण लावून लावून थकलो, बुडबुडा काही येईना." अंगणात मांडवाच्या खुर्च्यांच्या चळती होत्या. बाबांनी एक ओढून घेतली आणि बसले. मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले. मला रडू येत होतं आणि नाक आणखीच बंद होत होतं.

देवधर आमच्यासमोर उभेच राहिले. हळूहळू त्यांनी सांगितलं. दुसरा कॉम्प्रेसरही तापायला लागला, तेव्हा बाबांना पुन्हा बोलवायचा त्यांना संकोच वाटला. त्यांनी दुसऱ्या एका मेकॅनिकला आणलं. त्याला बाराचा गॅस मिळेना, म्हणून त्याने स्वयंपाकाच्याच टाकीतून मशीनमध्ये गॅस भरून दिला, चालतं म्हणाला. आणि चाललंही. "पण मघाशी वास आला तेव्हा बोलला का नाहीत?" बाबांनी विचारलं. देवधरांनी खुर्च्यांची एक चळत सरळ केली. "तुम्ही जोड बघितलात," ते म्हणाले, "माझ्याकडे बघितलंत, आणि काही विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय, आणि माझी लाज राखायची म्हणून बोलत नाही आहात. मग मी कोणत्या तोंडाने बोलू? तुम्ही लायटर काढलात तेव्हाही वाटलं, दामलेंना माहीत असणार."

हल्ली बर्फाची कितीतरी मशीनं कंपनीतूनच तशा पेटणाऱ्या गॅसवर येतात. त्यांच्यावर पिवळा त्रिकोण चिकटवलेला असतो, तो गॅस हाताळायचं प्रशिक्षण असतं, खोलीत गळती झाली की ओरडणारं यंत्र मिळतं. मी स्वतः ते प्रशिक्षण पुढे घेतलं. त्यात शिकवणाऱ्या तरुण मुलाने विचारलं की हा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, हे कुणाकुणाला माहीत आहे. मी हात वर केला. पण कोठीच्या त्या खोलीत गॅस जमिनीलगत साचला होता तेव्हा बाबा जमिनीवर उकिडवे बसलेले होते, हे मला तिथे सांगता आलं नाही.

दारं-खिडक्या उघड्या ठेवून आम्ही ऊन कलेपर्यंत बाहेर थांबलो. मग बाबांनी कॉम्प्रेसरमधलं तेल काढलं, कारण गॅस तेलात मुरून राहतो आणि नळी तापली की बाहेर येतो. ते तेल अंगणाच्या कोपऱ्यात लांब नेऊन ठेवलं. देवधर कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी फरशीवर गुडघे टेकून, मशीनखाली डोकं घालून वास घेत होते. "नाही येत," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"नळीच्या तोंडाशी?"

"तिथेही नाही."

बाबांनी लायटर हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुला?"

"मला अजून काहीच कळत नाही," मी म्हणाले.

"मग आज नाही," बाबा म्हणाले आणि लायटर पिशवीत टाकला.

"अहो, उद्या लग्न आहे," देवधर म्हणाले. "मी सांगतोय ना, नाही येत म्हणून."

"तुम्ही मघाशीही इथेच होतात," बाबा म्हणाले.

घरी आईला आम्ही सगळं सांगितलं, म्हणजे मी सांगितलं आणि बाबा मान हलवत राहिले. तिने माझ्यासाठी वाफेचं पाणी ठेवलं आणि त्या पातेल्याशेजारी बराच वेळ उभी राहिली, पाणी उकळलं तरी. दुसऱ्या दिवशी माझं नाक तसंच होतं. बाबांनी देवधरांना फोन करून सांगितलं, "मुलीचं नाक उघडलेलं नाही. उघडलं की येऊ." सोसायटीत फोन तळमजल्यावर होता आणि तिथे नेहमी चारजण असायचे, त्यामुळे लपवायचं आता काही उरलं नाही. देवधरांनी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, नामदेवने त्या गोणपाटात गुंडाळून मोगरीने फोडल्या आणि लग्न पार पडलं. बाबांची काही गिऱ्हाइकं त्यानंतर गळाली. एकदोघांनी आम्हाला पाहून रस्ता बदलला आणि बाबांनी ते मला दिसू दिलं नाही असं त्यांना वाटलं. बाकीचे फोनवर आधी विचारायला लागले, "मुलगी येणार आहे ना?"

माझं नाक उघडलं ते कॉलेजात, मराठीच्या तासाला. शेजारणीच्या केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास आला आणि मी तास अर्धा टाकून घरी आले. दुपारी आम्ही देवधरांकडे गेलो. कोठीचं दार सताड उघडं होतं. मी आत गेले आणि आधी फरशीवर पालथी पडले. मोरीच्या जाळीशी वास घेतला, कॉम्प्रेसरखाली घेतला, कापलेल्या नळीच्या तोंडाशी घेतला. फिनेलचा वास होता, ओल्या भिंतीचा होता, तांब्याचा होता, डब्यातल्या हिंगाचा होता. मी पुन्हा पहिल्यापासून सगळीकडे घेतला. मला भयंकर भीती वाटत होती. परवाच्या दिवशी मला काही कळत नव्हतं, ते सांगणं सोपं होतं. आज मला कळत होतं, आणि मी जे म्हणणार होते त्यावर बाबांचा हात हलणार होता.

देवधर दारात उभे होते, त्यांच्यामागे नामदेव. बाबा मशीनपुढे उकिडवे बसले. डाव्या हातात बत्ती, उजव्यात लायटर. ते मशीनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"नाही येत, बाबा," मी म्हणाले.

"तू बाहेर जा."

मी गेले नाही. त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी बसले. "नक्की?" म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. मान वळवली आणि लायटर ओढला.